कोऱ्या पाठीचे चेहरे

सुरकुत्यांना सध्या फार बरे दिवस आले आहेत. १९ ऑगस्टच्या छायाचित्रण दिनाच्या आगेमागे भरणारे कुठलेही प्रदर्शन पाहा, कुठल्याही स्पर्धेचा निकाल चाळा, एक म्हातारी ठरलेलीच. फोटो कृष्णधवल, मागचा भाग काळाठिक्कर, एका बाजूने आलेला उजेड, कपाळावरचे गोंदण आणि नांगर घातल्यासारख्या उकलून दाखवलेल्या सुरकुत्या. खाली ‘अनुभव’, ‘काळाच्या रेषा’ किंवा नुसतेच ‘आजी’ असे शीर्षक. त्याखाली छायाचित्रकाराचे नाव, कॅमेऱ्याचे मॉडेल, शटरचा वेगसुद्धा. म्हातारीचे नाव नाही, पाडा नाही, साल नाही. यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या मुंबईपासून लोकलच्या अंतरावरच्या असतात. कसारा लोकलने आसनगाव, आटगाव नाहीतर खर्डीला उतरायचे, तानसाच्या जंगलाकडेचे किंवा माहुलीच्या पायथ्याचे पाडे गाठायचे. गाडी असेल तर मुरबाडवरून माळशेजच्या बाजूला वळायचे. पौषात म्हशाची जत्रा आहेच. संध्याकाळी परतताना कार्डात दोन-तीनशे चेहरे. एवढ्यावर थांबले असते तर हौस म्हणून सोडून देता आले असते. पण आता याच मंडळींनी एक लेखनप्रकार रुजवला आहे : आपणच काढलेल्या जुन्या पोर्ट्रेटवरचे चिंतन. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एक चेहरा कपाटातून बाहेर काढायचा आणि त्या नजरेने आपल्याला कसे अस्वस्थ केले, त्या दिवशी ढग कसे होते, आपण माणूस म्हणून कसे बदललो, हे हजार शब्दांत सांगायचे. त्या हजारांत समोरच्या माणसाचे नाव काही येत नाही. माझे भांडण सुरकुतीशी नाही, चिंतनाशी तर नाहीच. जुन्या पोर्ट्रेटवर बोलायचा पहिला हक्क ते काढणाऱ्याचा, हे गृहीत मला मान्य नाही. आपल्याकडच्या पोर्ट्रेटची आजची अवस्था या एका गृहीतावरून जोखता येते, असे माझे म्हणणे आहे.

या चिंतनाचे मूळपीठ अमेरिकेत आहे, म्हणून आधी तिथले पाहू. डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात नायपोमोजवळच्या वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे पोर्ट्रेट काढले. ‘मायग्रंट मदर’ पाहिले नाही असा छायाचित्रकार सापडायचा नाही. चोवीस वर्षांनी, १९६० साली, लँगने त्यावर एक टिपण लिहिले. त्यात तिने प्रांजळपणे कबूल केले की आपण त्या बाईचे नाव विचारले नाही, तिची हकिकतही विचारली नाही. पुढे असेही म्हटले की आपल्या फोटोने तिला मदत होईल हे तिला उमगले असावे, म्हणून तिनेही आपल्याला मदत केली. त्या भेटीत एक बरोबरी होती. सगळ्या चिंतनकारांना पाठ असलेला मजकूर तो हाच. मात्र त्याच गोष्टीची दुसरी बाजू १९७८ साली उजेडात आली, ती फार कुणाला पाठ नसते. त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती चेरोकी, म्हणजे तिथली आदिवासी. बेचाळीस वर्षे जगाने तिला गोऱ्या शेतकऱ्याची बायको समजून तिच्यावर दया केली होती. तिची तक्रार साधी होती. फोटो काढला नसता तर बरे झाले असते. नाव विचारले नाही. फोटो विकणार नाही म्हणाली होती. एक प्रत पाठवते म्हणाली होती, ती काही आली नाही. लँगचे टिपण आणि ही तक्रार शेजारी ठेवून वाचली की त्या ‘बरोबरी’ला किती अर्थ उरतो? लँग थोर होती, ते पोर्ट्रेटही थोर आहे. पण आठवण एकीची छापली गेली आणि दुसरीची बेचाळीस वर्षे अडकून राहिली. एक प्रत पोस्टात पडली असती तर ती इतकी अडकली नसती.

दुसरे उदाहरण तर त्याहून बोलके. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. १९८५च्या जूनमध्ये तो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांत गणला गेला. ओळखीचा चेहरा, पण बिनओळखीचे माणूस. तिचे नाव शरबत गुला हे जगाला २००२ साली कळले. आणि २०१६ साली पाकिस्तानात तिला अटक झाली ती कशासाठी? खोटे ओळखपत्र जवळ बाळगल्याबद्दल. ज्या चेहऱ्याला पृथ्वीवर कुठेही ओळख पटवून द्यायची गरज नव्हती, त्या चेहऱ्याच्या बाईला एका कार्डावरच्या फोटोपायी कोठडीत बसावे लागले. कलेतले पोर्ट्रेट आणि सरकारी पासपोर्ट साइज फोटो या दोन वेगळ्या दुनिया आहेत असे आपण समजतो. त्या बाईच्या आयुष्यात त्या एकच होत्या, आणि दोन्हींची किल्ली दुसऱ्याच्याच हातात होती.

आपल्याकडे ही किल्ली कुणाच्या हातात होती हे सांगायला फार मागे जावे लागते, पण जायला हवे. कारण आजचा सुरकुतीपंथ स्वतःला आधुनिक समजतो आणि आहे मात्र वसाहतीच्या काळचा. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसे त्या पहिल्या दशकातच कॅमेऱ्यामागे उभी राहिली होती, हे अभिमानाने सांगायलाच हवे. पण त्या काळाचा प्रातिनिधिक ग्रंथ म्हणून उरला तो विल्यम जॉन्सनचा, १८६०च्या दशकात दोन खंडांत निघालेला मुंबईतल्या ‘वंश आणि जमातीं’चा अल्बम. त्याची करामत लक्षात घेण्यासारखी आहे. माणसे एका ठिकाणी उभी करून फोटो काढायचा, त्यांना कापून काढायचे आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवून पुन्हा छापायचे. म्हणजे माणूस खरा, त्याच्या पायाखालची जमीन खोटी. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड आले, चारशेहून अधिक फोटोंचे. यातल्या बहुतेक पानांवर जात आहे, जमात आहे, स्वभावाविषयीचे शेरे आहेत. माणसाचे नाव क्वचित. नाव न देणे ही तिथे चूक नव्हती, ती पद्धत होती. नाव दिले की तो एक माणूस होतो, आणि एक माणूस हा नमुना म्हणून चालत नाही. आता आजच्या स्पर्धेतली म्हातारी पुन्हा पाहा. तिचे नाव गेले ते गेलेच, जातही गेली, आणि जागाही. मागचा काळा रंग म्हणजे जॉन्सनची कात्रीच, फक्त चिकटवायला देखावाही उरलेला नाही. वसाहतीच्या साहेबाने निदान ती कुठल्या मुलखातली हे लिहून ठेवले होते.

बाकीच्या प्रवाहांचा हिशेब थोडक्यात उरकता येईल. गिरगावातले ना. वि. विरकर हे राष्ट्रीय चळवळीचे पोर्ट्रेटकार. टिळकांचा जो चेहरा आपल्या मनात आहे त्यात त्यांच्या काचेचा मोठा वाटा आहे, आणि जालियनवाला बागेतल्या गोळ्यांच्या खुणा १९१९ साली टिपणारेही तेच. गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’ने मराठी मध्यमवर्गाला प्रकाशयोजना म्हणजे काय ते शिकवले, पण त्यांच्यासमोर बसणाऱ्यांची नावे आधीच मोठी होती, त्यामुळे माझा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. त्यांच्या अनुयायांबद्दल न बोललेले बरे. फॅशनचे पोर्ट्रेट हे कपड्यांचे पोर्ट्रेट असते. तारपा नाच, डोक्यावर मोळी, म्हशाच्या जत्रेतले नवसकरी, हे सगळे पर्यटनखात्याच्या कॅलेंडरात शोभते, तिथेच राहू द्यावे. वर्तमानपत्री प्रवाहातला मानाचा फोटो म्हणजे हंड्याचा. दर एप्रिल-मे महिन्यात शहापूर तालुक्यातली एक बाई विहिरीच्या तळाशी उतरलेली दिसते आणि वरून कॅमेरा तिच्या टाळूचा फोटो घेतो. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे, पुढे मोडकसागर आणि भातसा आले; धरणे इथे, टँकरही इथेच. हा विरोध खरा आहे आणि तो छापलाच पाहिजे. पण वर्षानुवर्षे तीच चौकट, तोच कोन आणि तीच निनावी बाई छापत राहिलो की फोटो बातमीचा राहत नाही, ऋतूचा होतो. पहिल्या आंब्याच्या पेटीसारखा. तानसाचे पाणी जलवाहिनीतून एकाच दिशेने जाते. तिथले चेहरेही त्याच वाटेने जातात, आणि उलट येणारी वाहिनी कुणी टाकत नाही.

आता या मुलखाचा आजचा सर्वांत मोठा पोर्ट्रेटकार कोण, हा प्रश्न विचारू. उत्तर सोपे आहे : सरकार. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर हजेरी सक्तीची झाली. मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहरा पटवणे आले. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या एखाद्या गरोदर बाईचा चेहरा दर महिन्याला न्याहाळला जातो, इतका की आपल्या आजीच्या आजीपासूनच्या सगळ्या बायकांना मिळून तेवढे फोटो लाभले नसतील. या पोर्ट्रेटला नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, वेळही आहे. माझी मागणी ज्या तपशिलांची, ते सगळे इथे हजर. मग तक्रार कसली? तक्रार ही की हा फोटो कुणी पाहायचाच नसतो. तो जुळवायचा असतो. चेहरा जुळला तर पाकीट मिळते, नाही जुळला तर बाईने डोळे मोठे करायचे, पदर मागे घ्यायचा, उजेडात यायचे आणि पुन्हा उभे राहायचे. रेंज नसेल तर वाट पाहायची. हजेरीच्या ॲपवर तर माणसांऐवजी आधीच्या फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, असे २०२५च्या जुलैत खुद्द केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच परिपत्रकात नमूद केले. एका टोकाला नाव नसलेली कलात्मक म्हातारी, दुसऱ्या टोकाला कुणी पाहत नसलेला नाव-गाव-तारखेचा चेहरा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. फोटो ज्याचा, त्याच्या घरात तो कधीच येत नाही.

घरात येतो तो तिसराच फोटो, आणि पोर्ट्रेटकलेवर लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याच्याकडे पाहिले आहे. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर नाहीतर बाजारपेठेत जे फोटो स्टुडिओ असतात, त्यांच्या कामाचा एक भाग मेलेल्या माणसांचा असतो. घरातले कुणी गेले की दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते आणि अनेकदा घरात फोटो एकच निघतो, मतदार ओळखपत्रावरचा नाहीतर आधारचा. तो बोटभर, करडा, कपाळावर सरकारी शिक्क्याची कडा आलेला फोटो घेऊन मुलगा स्टुडिओत जातो. स्टुडिओवाला तो स्कॅन करतो, शिक्का पुसतो, डोळ्यांना थोडे पाणी देतो. फाटक्या गंजीच्या जागी पांढरा सदरा येतो, कधी कोट, कधी टोपी किंवा फेटा. मागे आकाश. बाप आधी गेला असेल तर त्यालाही शेजारी आणून बसवतो, म्हणजे ज्या जोडप्याने हयातीत एकत्र फोटो काढला नाही ते मेल्यावर एका चौकटीत येते. मुलगा मागे उभा राहून सांगत असतो : मिशी एवढी जाड नव्हती, आईचे कुंकू जरा मोठे असायचे. हौशी मंडळी या कामाला हसतात, कारण त्यात प्रकाश एका बाजूचा आणि सावली दुसऱ्या बाजूची असते. पण पोर्ट्रेट म्हणजे माणसाशी असलेल्या नात्याने ठरलेला चेहरा, ही व्याख्या मान्य असेल, तर या मुलखातले सर्वांत चोख पोर्ट्रेट याच दुकानांत घडते आहे. ओळखपत्रावरच्या चेहऱ्याला सरकारच्या तावडीतून सोडवून घरी आणायचे काम तो स्टुडिओवाला करतो. हुबेहूबपणाची अट आपल्याकडे कधीच पहिली नव्हती. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखाच, पण कोणता कुणाचा हे घराला ठाऊक असते. वारली चित्रांत तर माणसाला डोळे-नाकच नसते. दोन त्रिकोण, एक गोल, आणि तरी लग्नाच्या चौकातली नवरी कुठली हे विचारावे लागत नाही. ज्या मुलखाने चेहऱ्याशिवाय माणूस ओळखायची कला साधली, त्या मुलखात आपण माणसाशिवाय चेहरा शोधत हिंडतो.

म्हणूनच गेल्या दहा-बारा वर्षांत या भागात झालेल्या दोन कामांनी मला हुरूप दिला, आणि खरे तर त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१३ साली डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आल्या आणि वारली चित्रकार राजेश वनगड यांच्या घरी राहिल्या. गंजाड म्हणजे थोर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे गाव. वनगड त्यांना गावाच्या जागा दाखवीत आणि तिथे काय काय घडून गेले ते सांगत. गिल त्या जागी वनगडांनाच उभे करून फोटो काढीत. पुढे फोटो पाहताना लक्षात आले की यात माणूस आहे, माळ आहे, आणि त्याने सांगितलेले काहीच नाही. इथपर्यंतची गोष्ट आपल्या सगळ्या चिंतनकारांची आहे. फरक पुढच्या पावलात आहे. गिल यांनी त्या उणिवेवर लेख लिहिला नाही. त्यांनी ते प्रिंट वनगडांच्या हाती दिले. वनगडांनी त्यावर शाईने चितारले. ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही ती मालिका. जवळून पाहिले तर कृष्णधवल माळरानावर एक माणूस उभा आहे, एरवी पोस्टकार्डात शोभावा असा, आणि त्याच्या भोवतीचे आभाळ, डोंगर, झाडांमधली रिकामी जागा मुंगीएवढ्या आकृत्यांनी गजबजून गेली आहे. देव, जनावरे, दुष्काळ, पूर, तुटलेले जंगल, वाढत आलेले शहर. कॅमेऱ्याने ज्याला ‘निसर्गरम्य पार्श्वभूमी’ म्हटले असते ती भरलेली होती, एवढेच तो माणूस सांगतो आहे, तेही फोटोच्याच अंगावर लिहून. ज्याचा फोटो काढला त्याने फोटोला दिलेले उत्तर, असे हे पोर्ट्रेट आहे. मराठी मुलखात असे याआधी मी पाहिलेले नाही.

दुसरे काम जव्हारचे. तिथल्या बोहाड्याचे मुखवटे करणारे कागदकामाचे कलावंत सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांना, आणि त्यांच्याबरोबरच्या कोकणा व वारली कलावंतांना, गिल यांनी २०१५च्या सुमारास वेगळेच काम सांगितले : देव-दैत्यांचे मुखवटे नकोत, आपल्या रोजच्या जगण्यातले करा. तरणे-म्हातारे चेहरे, राग-भय-करुणा, पशुपक्षी, मोबाइल आणि टीव्हीसुद्धा. मग हे मुखवटे घालून गावातलीच माणसे दुकानात, दवाखान्यात, ओट्यावर बसली आणि तसे फोटो झाले. ‘ॲक्ट्स ऑफ ॲपिअरन्स’ नावाचे हे काम २०१७ साली ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला दाखवले गेले. आदिवासी चेहऱ्यासाठी वखवखलेल्या कॅमेऱ्यासमोर त्या चेहऱ्यांनी पडदा ओढून घेतला, आणि तोही स्वतःच्या हाताने घडवलेला. दिसायचे कसे हे दिसणाराच ठरवतो आहे. यावर ताबडतोब आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे : बाई दिल्लीच्या, भिंती न्यूयॉर्कच्या, मग हाही उपसाच नव्हे का? असू शकतो. पण इथे कलावंतांची नावे कामासोबत चालतात, आणि ‘फील्ड्स ऑफ साइट’वर तर दोघांचे कर्तृत्व आहे. नावे दोन असली की त्यातले एक दुसऱ्याकडे हिशेब मागू शकते. निनावी म्हातारीने कुणाकडे मागायचा?

याच जातकुळीची इतर कामेही आहेत. संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’, सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे केलेले दीर्घ काम, दोघेही पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे गेले, आणि पुन्हा जाणे ही पोर्ट्रेटमधली निम्मी कला आहे. २०१४ साली पी. साईनाथांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ‘चेहरे’ नावाचा विभाग आहे. देशातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यातून किमान एक बाई, एक पुरुष आणि एक मूल किंवा किशोरवयीन, असा त्याचा साधा नेम. यातले बरेच फोटो छायाचित्रण म्हणून सामान्य आहेत. ऊन डोक्यावरचे, नजर थेट, मागे भिंत. पण खाली नाव आहे, गाव आहे, माणूस काय काम करतो ते आहे. पन्नास वर्षांनी शहापूरच्या एखाद्या घरातले कुणी आपला पणजोबा शोधू लागले तर तो स्पर्धेतल्या सुवर्णपदकात सापडणार नाही, तो अशाच सामान्य फोटोत सापडेल. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह तिथे आहे. त्यात गाणाऱ्या बाईचा चेहरा, नाव, गाव, मुले-बाळे, व्यवसाय आणि तिचा आवाज एकत्र भेटतात. त्यातला फोटो नुसता बघून पुढे जाता येत नाही. ती बाई बोलत असते.

आता विरोधी पक्षाचे ऐकू. पहिला मुद्दा नेहमीचा : कलाकृती स्वयंपूर्ण असते, तिला ओळीची कुबडी कशाला? गंमत अशी की हे म्हणणारे स्वतःच्या नावाची ओळ कधी गाळत नाहीत. चौकटीबाहेरचे काहीच नको असेल तर छायाचित्रकाराचेही नाव काढा, मग बोलू. दुसरा मुद्दा गंभीर आहे : नाव छापल्याने त्या माणसाला त्रास होऊ शकतो, विशेषतः सरकार चेहरे गोळा करत असताना. मान्य. पण न सांगितलेले नाव आणि न विचारलेले नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विचारून, त्या बाईच्या सांगण्यावरून नाव झाकले तर तसे लिहावे. तो तिचा मुखवटा झाला, जव्हारच्या मुखवट्यांइतकाच तिच्या मालकीचा. विचारलेच नाही तर ती नाजूक जाणीव नव्हे, आळस. तिसरा मुद्दा असा की मग रस्त्यावरचे क्षण टिपायचेच नाहीत का? अवश्य टिपावेत. गर्दीतला माणूस वेगळा आणि तासभर समोर बसवून, उजेडाकडे तोंड करायला लावून, हनुवटी वर करायला सांगून काढलेले पोर्ट्रेट वेगळे. एवढे सगळे सांगायला वेळ होता, तर नाव विचारायला का नव्हता? चौथा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो : सुरकुतीत वैश्विक माणूस दिसतो म्हणे. वैश्विक माणूस नेहमी गरिबाच्याच घरी का सापडतो? छायाचित्रकाराची स्वतःची आजीही म्हातारी असेल. तिला काळ्या पडद्यासमोर बसवून, नाव काढून, ‘काळाच्या रेषा’ म्हणून टांगायची हिंमत कितीजणांत आहे? तिचे नाव गाळताना हात अडखळेल. तो जिथे अडखळतो तिथून पोर्ट्रेटची कला सुरू होते.

छायाचित्राला पूर्वी पाठ असायची, आणि जुन्या पोर्ट्रेटचा अर्थ बव्हंशी त्या पाठीवर असायचा. स्टुडिओचा जांभळा शिक्का, निगेटिव्हचा नंबर, आणि घरी आल्यावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेले : अमकीचे लग्न, अमके साल, शेजारी धाकटी. चौकटीतून फोटो काढून उलटला की समोरचा चेहरा अचानक कुणाचा तरी होई. डिजिटल फोटोला पाठ नाही असे म्हणतात, ते खरे नाही. फाइलमध्ये लिहायला जागा असते, आणि आपण ती लेन्स, शटर आणि आयएसओने भरून टाकली आहे. मग मागणी काय, तर फार मोठी नाही. शहापूर, मुरबाड, जव्हार, डहाणू, कुठलाही पाडा असो. नाव, गाव, साल यांशिवाय, किंवा नाव झाकण्याच्या संमतीशिवाय, कुठल्याही स्पर्धेने पोर्ट्रेट स्वीकारू नये. प्रिंटची प्रत घरपोच केल्याशिवाय परीक्षकाने त्याकडे पाहू नये. आणि जुन्या पोर्ट्रेटवर चिंतन करायला बसणाऱ्या छायाचित्रकाराने लेखणी उचलण्याआधी कसारा लोकलचे तिकीट काढावे. पाडा सापडेल, घर सापडेल. म्हातारी बहुधा नसेल. भिंतीवर ओळखपत्रावरून मोठी केलेली तिची फ्रेम असेल, मागे आकाश, कुंकू जरा मोठे. आपण आणलेला सुरकुत्यांचा प्रिंट त्या घरासमोर धरावा आणि घर काय म्हणते ते ऐकावे. कदाचित ते म्हणतील, ही आमची आई अशी दिसत नव्हती. त्यावर वाद घालू नये. प्रिंट उलटावा, पेन्सिल त्यांच्या हातात द्यावी. त्या चिंतनाचा पहिला शब्द त्यांनी लिहायचा आहे.